छेद सारखा करा, मग भागा: भास्कराचार्यांची गोष्ट

लॅपटॉपवर क्रोम उघडा, एफ-१२ दाबा आणि कन्सोलमध्ये ०.३ / ०.१ टाईप करून एंटर मारा. उत्तर ३ यायला हवं ना? येतं २.९९९९९९९९९९९९९९९६. फोनवर पायथॉन चालवणारं एखादं ॲप असेल तर तिथेही हेच दिसेल.

आता हेच कागदावर करा. तीन दहावे भाग भागिले एक दहावा भाग. माप दोन्हीकडे तेच, दहावा भाग. मग प्रश्न एवढाच उरतो की तीनमध्ये एक किती वेळा? तीन वेळा. संपला विषय.

अब्जावधी ट्रान्झिस्टर असलेली चिप जिथे अडखळते, तिथे शाळेतली छेद सारखा करण्याची युक्ती सरळ पार होते. ही युक्ती आपल्याकडे पावणेनऊशे वर्षांपूर्वी एका सुटसुटीत पाठ्यपुस्तकात लिहून ठेवली गेली. पुस्तकाचं नाव ‘लीलावती’, लेखक भास्कराचार्य. त्यांच्या घराण्याचे धागे आपल्या छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या एकाच वाटेवर पसरलेत: आधी देवगिरी, मग कन्नडचा घाट उतरल्यावर येणारं पाटण. म्हणून आज गॅजेट बाजूला ठेवून या माणसाची गोष्ट सांगते.

कोडमध्ये लिहिलेली जन्मतारीख

भास्कराचार्यांनी स्वतःबद्दल फार थोडं लिहिलंय, पण जे लिहिलंय ते नेमकं आहे. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. हा आकडा त्यांनी आकड्यांत लिहिलेला नाही, शब्दांत लिहिलाय. त्या काळी प्रत्येक अंकासाठी ठरलेले शब्द असत. रस सहा असतात म्हणून रस म्हणजे ६. गुण तीन म्हणून ३. पूर्ण म्हणजे ०. मही, म्हणजे पृथ्वी, एकच म्हणून १. हे शब्द एकं, दहं, शतं अशा क्रमाने येतात. म्हणजे पहिला शब्द एकम स्थानाचा. ६, ३, ०, १ असं वाचलं आणि उलटं मांडलं की १०३६.

कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्यांना हे वाचून लिटल एंडियन आठवेल. सगळ्यात लहान किमतीचा भाग आधी, मोठा नंतर. आज कित्येक प्रोसेसर मेमरीत आकडे असेच ठेवतात. या शब्दअंकांचा आणखी एक फायदा होता. नक्कल करताना एखादा अंक चुकला तर कळत नाही, पण श्लोकातला शब्द चुकला की वृत्त बिघडतं आणि चूक लगेच कानाला खटकते. एक प्रकारचा चेकसमच म्हणा की.

आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेलं विज्जलविड, असं ते सांगतात. महाराष्ट्रातली आणि कर्नाटकातलीही काही ठिकाणं आज त्यावर हक्क सांगतात. वडिलांचं नाव महेश्वर. तेच त्यांचे गुरू. घराण्यात विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती.

छत्तिसाव्या वर्षी लिहिलेलं पुस्तक

इ.स. ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती हे अंकगणित, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. शेवटचे दोन खगोलशास्त्राचे आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर लीलावती ही पायाभूत लायब्ररी आहे आणि ग्रहणं, ग्रहांच्या जागा काढणारे वरचे भाग तिच्यावर उभे आहेत. अपूर्णांक कच्चे असतील तर ग्रहण चुकणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त पाण्याच्या घटिकापात्रात मोती पडल्यामुळे टळला, आणि तिचं दुःख हलकं व्हावं म्हणून त्यांनी हे पुस्तक लिहिलं, ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून आली. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. तेव्हा दंतकथा म्हणूनच ऐकावी.

मला या पुस्तकातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे त्याची सुरुवात. बेरीज-वजाबाकीच्याही आधी मापं येतात. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. तसंच लांबीचं: २४ अंगुळं म्हणजे एक हात, ४ हात म्हणजे एक दंड. आधी एकक ठरवा, मग हिशोब. कुठलाही प्रोग्रॅम लिहिताना आधी डेटा टाईप ठरवावा लागतो, त्यातलाच हा प्रकार.

मापांनंतर पूर्णांकांच्या आठ क्रिया येतात: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन, घनमूळ. मग त्याच आठ क्रिया अपूर्णांकांच्या. त्यांना ते भिन्न म्हणतात. आणि मग त्याच आठ शून्याच्या. अपूर्णांक लिहिताना वर अंश आणि खाली छेद. मध्ये रेघ नसायची.

भागायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

माझा मावसभाऊ भरतीच्या परीक्षांची तयारी करतोय. अपूर्णांकांचा भागाकार त्याला येतो: दुसरा उलटा करा आणि गुणा. पण त्याने एकदा मला विचारलं, ताई, उलटाच का करायचा? आणि दुसराच का, पहिला का नाही? प्रश्न अगदी बरोबर होता. नियम पाठ असला आणि कारण माहीत नसलं की परीक्षेच्या घाईत भलताच अपूर्णांक उलटा होतो. चार पर्यायांत ते चुकीचं उत्तरही हमखास दिलेलं असतं. एका मार्कावर यादीतलं नाव खालीवर होतं अशा ठिकाणी ही काही छोटी गोष्ट नाही.

तर भागाकाराचा अर्थ आधी पूर्णांकांत बघू. बारा भागिले तीन म्हणजे बारामध्ये तीन किती वेळा मावतात? चार वेळा. अपूर्णांकांतही प्रश्न हाच आहे. अडचण एवढीच, की दोघांची मापं वेगळी असू शकतात.

मराठीत हे समजून घेणं फार सोपं आहे, कारण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे खास शब्द आपल्या तोंडात आहेत. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घ्यायचे.

समजा, दीड लिटर तेल आहे आणि पाव लिटरच्या बाटल्या भरायच्या आहेत. दीड म्हणजे सहा पाव. सहा पाव भागिले एक पाव, म्हणून सहा बाटल्या.

आता पाऊण भागिले अर्धा किती? पाऊण म्हणजे तीन पाव, अर्धा म्हणजे दोन पाव. तीन भागिले दोन, उत्तर दीड. म्हणजे पाऊण लिटरमध्ये अर्ध्या लिटरची बाटली दीड वेळा भरते.

यात ‘पाव’ कुठे गेला बघा. उत्तरात तो नाहीच. सहा लिटर भागिले दोन लिटर केलं की तीन येतात, तीन लिटर येत नाहीत, तसंच हे. छेद हे मापाचं नाव आहे. दोन्हीकडे तेच नाव असेल तर भागाकारात ते निघून जातं आणि फक्त अंश उरतात. म्हणून:

५/७ ÷ २/७ = ५ ÷ २ = अडीच.

अनेकांना इथे धक्का बसतो. एकापेक्षा लहान असलेल्या दोन संख्या भागल्या आणि उत्तर त्यांच्यापेक्षा मोठं कसं? कारण उत्तर ही वस्तू नाही, मोजणी आहे. वाटी लहान असली तरी ती किती वेळा भरली हा आकडा मोठा असू शकतो.

आणि छेद वेगळे असतील तर? भास्कराचार्य याला समच्छेद करणं म्हणतात. रीत अशी: पहिल्या अपूर्णांकाच्या अंशाला आणि छेदाला दुसऱ्याच्या छेदाने गुणा. दुसऱ्याच्या अंशाला आणि छेदाला पहिल्याच्या छेदाने गुणा. दोघांचे छेद आपोआप सारखे होतात. ही रीत त्यांनी मुख्यतः बेरीज-वजाबाकीसाठी दिलीय. भागाकारासाठी मात्र ते थेट छोटा रस्ता सांगतात: भाजकाचे अंश-छेद अदलाबदल करा आणि गुणाकार करा. हा छोटा रस्ताही त्यांचा शोध नव्हे. ब्रह्मगुप्ताने तो इ.स. ६२८ मध्ये दिलेला आहे.

पण या दोन रीती शेजारी ठेवल्या की मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. अ/ब भागिले क/ड घ्या. आधी समच्छेद करा. पहिला होतो अड/बड, दुसरा होतो बक/बड. छेद सारखे झाले, ते सोडून द्या. उरलं अड भागिले बक. आता नीट बघा, अ/ब ला ड/क ने गुणलं तरी नेमकं हेच येतं. म्हणजे उलटा करून गुणणं हा समच्छेदाचाच शॉर्टकट आहे. दुसराच का उलटा होतो? कारण मोजण्याची वाटी तोच आहे.

लीलावतीत यावर दोन उदाहरणं आहेत. पहिलं: पाचला दोन पूर्णांक एक तृतीयांशाने भागा. दुसरं: एक षष्ठांशाला एक तृतीयांशाने भागा. आणि वर विद्यार्थ्याला आव्हान, की तुझी बुद्धी दर्भाच्या टोकासारखी तीक्ष्ण असेल तर सांग. आपण समच्छेदाने करू.

पाच म्हणजे १५/३. दोन पूर्णांक एक तृतीयांश म्हणजे ७/३. तृतीयांश गेले, उत्तर १५/७.

१/३ म्हणजे २/६. मग १/६ ÷ २/६ म्हणजे १ ÷ २, अर्थात अर्धा.

काहीही उलटं करावं लागलं नाही.

कवडीचुंबकाचं गणित आणि तुमचं यूपीआय

लीलावतीतलं आणखी एक उदाहरण मी ऑफिसात नव्याने आलेल्यांना हमखास सांगते. एका भिकाऱ्याने पैसे मागितले. कंजूष माणसाने दिले किती? द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण हिश्शाच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा एक चतुर्थांश. तर कवड्या किती दिल्या?

गुणत गेलात तर १/१२८० द्रम्म येतात. आता वरचं नाण्यांचं कोष्टक आठवा. एका द्रम्मात १६ × ४ × २० = १२८० कवड्या. म्हणजे महाशयांनी एवढा थाटमाट करून दिली फक्त एक कवडी! आपण अशा माणसाला कवडीचुंबक म्हणतोच.

विनोद बाजूला ठेवला तर यात मोठी गोष्ट आहे. सगळी रक्कम कवड्यांत नेली की अपूर्णांक शिल्लकच राहत नाही. १२८० हा छेद एकदाच ठरला, पुढे सगळे पूर्णांक. अर्ध्या द्रम्माला पाव द्रम्माने भागायचं? ६४० कवड्या भागिले ३२० कवड्या. दोन.

आता सुरुवातीच्या ०.३ कडे वळू. कॉम्प्युटर दशांश चिन्हातली संख्या साठवतो तेव्हा तीही एक अपूर्णांकच असते, पण तिचा छेद फक्त २, ४, ८, १६ असा दोनाचा घात असू शकतो. पाव, अर्धा, पाऊण त्याला अचूक जमतात. एक दशांश जमत नाही, कारण दहामध्ये पाच लपलेला आहे, आणि दोनांना कितीही वेळा गुणलं तरी त्यातून पाच निघत नाही. मग तो सगळ्यात जवळची संख्या घेतो. ०.१ साठी घेतलेली संख्या खऱ्यापेक्षा जराशी मोठी, ०.३ साठीची जराशी लहान. लहानला मोठ्याने भागलं, म्हणून उत्तर तीनपेक्षा किंचित कमी.

गंमत म्हणजे अशा दोन संख्यांची बेरीज करताना प्रोसेसर आधी दोघांचे घातांक एकाच पातळीवर आणतो. तो समच्छेदच करत असतो. आणि भागाकारात घातांक एकमेकांतून वजा होतात. दोन्ही सारखे असतील तर उरतो शून्य, म्हणजे माप निघून जातं. चुकते ती पद्धत नाही, मुळात साठवलेली संख्याच थोडी हललेली असते.

पैशाच्या हिशोबात ही किंचित चूक परवडत नाही. लाखो व्यवहारांवर ती साचत जाते, आणि दिवसाअखेर ताळा जुळत नाही. म्हणून अनेक पेमेंट सिस्टिम रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत ठेवतात. ४५ रुपये ५० पैसे म्हणजे आत ४५५० हा पूर्णांक. शंभर हा छेद एकदाच ठरला, मग सगळा हिशोब अंशांचा. आम्हीही कामावर हाच नियम पाळतो. स्क्रीनवर दाखवताना तेवढे रुपये करायचे. द्रम्माच्या कवड्या करणं आणि रुपयाचे पैसे करणं, दोन्ही एकच.

ज्यांना कोडमध्ये खरे अपूर्णांक हवेत त्यांच्यासाठी पायथॉनमध्ये फ्रॅक्शन्स नावाचं मॉड्यूल आहे. ते अंश आणि छेद वेगवेगळे पूर्णांक म्हणून ठेवतं. त्यात तीन दशांशाला एक दशांशाने भागलं की बरोबर ३ येतात.

छेद शून्य असेल तर?

अपूर्णांकांनंतर भास्कराचार्य शून्याकडे वळतात. ज्या राशीचा छेद शून्य आहे तिला ते खहर म्हणतात. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. बीजगणितात ते म्हणतात की अशी राशी अनंत असते. तिच्यात काही मिळवलं किंवा तिच्यातून काही काढलं तरी ती बदलत नाही. यासाठी ते अच्युताची उपमा देतात: सृष्टी उत्पन्न झाली किंवा त्याच्यात लय पावली, तरी त्याच्यात फरक पडत नाही.

आता पुन्हा कन्सोलमध्ये जा आणि १ / ० करा. उत्तर येईल इन्फिनिटी. त्यात ५ मिळवा. इन्फिनिटीच. फ्लोटिंग पॉइंट संख्यांसाठी १९८५ मध्ये ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकात हे असंच लिहिलंय.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एखाद्या संख्येला शून्याने गुणलं आणि पुन्हा शून्यानेच भागलं तर ती जशीच्या तशी राहते असं समजावं, असाही नियम त्यांनी दिला आणि ग्रहगणितात तो उपयोगी पडतो असं सांगितलं. आजचं गणित हे मान्य करत नाही. शून्य भागिले शून्य याला निश्चित उत्तर नाही. कन्सोलही तिथे ‘ही संख्या नव्हे’ अशा अर्थाचा शेरा देतो. आपल्या पूर्वजांना सगळंच आधी माहीत होतं, असे फॉरवर्ड व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यापेक्षा हा माणूस किती अवघड जागी हात घालत होता, हे समजून घेतलं तर त्याच्याबद्दलचा आदर जास्त खरा होतो.

एकोणसत्तराव्या वर्षीचं काम

सिद्धान्तशिरोमणी लिहून ते थांबले नाहीत. त्यातल्या खगोलाच्या भागांवर स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिलं. इथे वासना म्हणजे नियमामागचं कारण, उपपत्ती. नुसता कोड न देता त्याचं डॉक्युमेंटेशनही लेखकानेच लिहिलं, असं समजा. ‘उलटाच का करायचा’ असं विचारणाऱ्याला हुसकावून लावणारा हा गुरू नव्हता.

मग ११८३ मध्ये, वय ६९, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. हे रोजच्या वापराचं पुस्तक. पंचांग करणाऱ्याला मोठमोठ्या आकड्यांत न अडकता ग्रहांची स्थिती पटकन काढता यावी, म्हणून सोप्या केलेल्या रीती. तरुणपणी पूर्ण सिद्धांत, म्हातारपणी हलकी, झटपट चालणारी आवृत्ती. आपल्या क्षेत्रात बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात.

देवगिरी आणि पाटण

भास्कराचार्यांच्या मुलाचं नाव लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपाल याने त्याला पाटणहून बोलावून नेलं आणि आपल्या विद्वानांत मानाचं स्थान दिलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव पुढे सिंघण यादवाचा प्रमुख ज्योतिषी झाला. ज्ञानेश्वरांच्या गोष्टीतले चांगदेव वेगळे, गल्लत करू नका. यादवांची राजधानी देवगिरी, म्हणजे आपण रविवारी चढायला जातो तो दौलताबादचा किल्ला. वेरूळच्या रस्त्यावर तो डोंगर दिसला की त्याच्या पायथ्याच्या नगरात लीलावती लिहिणाऱ्याचा नातू वावरला असेल, हे मला दरवेळी आठवतं.

याच चांगदेवाने पाटणला एक मठ काढला. उद्देश होता आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत हा. त्याचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा आहे. यादवांचा मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख शोधून अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आपल्याला कळते ती मुख्यतः या दगडामुळे.

संभाजीनगरहून वेरूळ, कन्नड करत औट्रम घाट उतरलं की चाळीसगाव, आणि तिथून आत डोंगरांच्या कुशीत पाटणादेवी. आसपास गौताळा अभयारण्याचं जंगल. पावसाळ्यात बाईकवर जाणारी कितीतरी मंडळी धबधबे बघून परततात. मीही पहिल्यांदा त्यासाठीच गेले होते. गणिताचा काही संबंध आहे हे नंतर वाचलं.

शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. तो का? कारण तिथे बाजाराचे नियम आहेत. संस्कृत प्रशस्ती पंडितांसाठी असेल, पण कोणी किती द्यायचं हे तेल्याला, व्यापाऱ्याला आणि गिऱ्हाईकाला कळायला हवं. मठाचा खर्च भागणार होता तो त्यांच्यावर. चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल. गिऱ्हाईकाकडून दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं कलम: इथे जे काही मोजलं जाईल ते मठाच्याच मापाने मोजायचं. त्या मोजणीच्या मोबदल्यातला अर्धा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.

बघा ना. ज्या मठात समच्छेद शिकवला जाणार होता, त्याच्या दारात सगळ्या बाजाराला एकच माप लागू होतं. माप एक असेल तर भांडण उरत नाही. विसावा हिस्सा म्हणजे किती, अर्धा म्हणजे किती, हे कोणालाही मोजून बघता येतं. मापं दोन असतील तर ज्याच्या हातात माप त्याचा फायदा. अपूर्णांकांचं गणित फक्त वहीत नसतं, तेल्याच्या पळीत आणि व्यापाऱ्याच्या दामातही असतं. चुकलं तर कोणाच्या तरी ताटातलं कमी होतं.

मठ राहिला नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली, आणि पुढच्या काही दशकांत यादवांचं राज्यच संपलं. दगड तेवढा राहिला. आणि पुस्तक राहिलं.

पुस्तक कसं टिकलं

पुस्तक टिकलं, कारण लोक ते वापरत राहिले. ठिकठिकाणी त्याच्या नकला झाल्या, टीका लिहिल्या गेल्या. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. १५८७ मध्ये फैजीचं फारसी भाषांतर आलं. जॉन टेलरचं इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत छापलं गेलं, कोलब्रुकचं १८१७ मध्ये लंडनला.

यातला एक धागा तर थेट आपल्या शहरात येतो. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचं फारसी भाषांतर १६३४-३५ च्या सुमारास झालं आणि ते शहाजहानला अर्पण केलं गेलं. भाषांतरकार अताउल्लाह रशीदी, ताजमहालाच्या रचनेशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. हाच अताउल्लाह पुढे आपल्या बीबी का मकबऱ्याचा वास्तुरचनाकार झाला. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर त्याचं आणि हंसपतरायचं नाव आहे. पुढच्या वेळी तिथे सेल्फी काढाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या, की ही इमारत रचणाऱ्याने खहर म्हणजे काय हे भास्कराचार्यांकडूनच वाचलं होतं.

आता तुमची पाळी

खाली तीन गणितं देते. अट एकच: काही उलटं करायचं नाही, फोनला विचारायचं नाही. आधी माप एक करा, मग अंश भागा.

पहिलं: सव्वा भागिले पाव.

दुसरं: २/३ ÷ १/६.

तिसरं: अडीच किलो साखर आहे, पाऊण-पाऊण किलोची पाकिटं करायची आहेत. किती पाकिटं पूर्ण भरतील आणि उरलेल्या साखरेने पुढचं पाकीट किती भरेल?

उत्तरं: पाच. चार. तिसऱ्यात दहा पाव भागिले तीन पाव, म्हणजे तीन पाकिटं पूर्ण आणि चौथं एक तृतीयांश भरेल. उरलेली साखर मात्र पाव किलो आहे, एक तृतीयांश किलो नाही. बरेच जण इथेच घसरतात. भागाकाराचं उत्तर पाकिटांत येतं आणि उरलेली साखर किलोंत असते. कुठला आकडा कुठल्या मापातला आहे हे लिहून ठेवा. भास्कराचार्यांनी मापांचं कोष्टक पहिल्या पानावर ठेवलं, ते उगाच नाही.